बायडाआत्याचं लाकूड

लोक बाहत्तरचा दुष्काळ म्हणतात, पण त्याची खरी धग लागली ती १९७३ च्या उन्हाळ्यात. मी सांगते ते त्याच उन्हाळ्यात घडलं, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला, आमच्या घराच्या पडवीत. मी तेव्हा नगरला शिक्षिकेच्या कोर्सला होते आणि सुट्टीत घरी आले होते. पुढे नोकरीभर मी पोरांना गणित शिकवलं. अंगारे-धुपारे कधी केले नाहीत, देवऋष्याच्या दारात गेले नाही. एवढं आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून लोक माझ्याकडे कीव आल्यासारखं बघतात आणि मला त्याचा फार राग येतो.

एस.टी.तून उतरले तेव्हा गाव ओळखू येईना. किल्ल्याच्या तटाखालच्या लिंबांची नुसती खोडं राहिली होती. पाला शेळ्यांनी खाल्ला, फांद्या चुलीत गेल्या. विहिरीच्या तळाशी बसून बायका झऱ्याचं पाणी वाटीने कळशीत भरत. रेशनवर लाल मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली ज्वारी, मिळायची, तिच्या भाकरीला चव नव्हती, वास तेवढा होता. माझी आई, लंकाबाई, रोज सकाळी सरकारी कामावर खडी फोडायला जायची. माझे वडील काकासाहेब, त्यांना मी अण्णा म्हणायची, ते जायचे नाहीत. "आमच्या घराण्यात कुनी रस्त्यावर बसून दगड फोडला न्हाई," असं ते म्हणत. आईचं घराणं बहुधा त्यासाठीच जन्माला आलं होतं.

अण्णांच्या हातात कसब होतं, ते मी नाकारत नाही. शेतीबरोबर ते घरी सुऱ्यांच्या मुठी करायचे. आजोबांनी शिकवलेलं काम. जड, घट्ट लाकडाचा ओंडका वीत-वीत लांबीने कापायचा, पाचर ठोकून उभा फोडायचा, मधला गाभा काढून टाकायचा, कारण गाभ्याची मूठ हमखास तडकते. उरलेल्याच्या दोन बोटं जाडीच्या पट्ट्या करायच्या आणि त्यातून मुठींचे तुकडे काढायचे. नगरला शामकांत नावाचे दुकानदार होते, ते या मुठी पात्यांना बसवून विकत. "काकासाहेबांची मूठ आहे," असं ते गिऱ्हाइकाला सांगतात, हे अण्णांनी एकदा दुकानात उभं राहून स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तेव्हापासून ते गावात जरा ताठच चालत.

करवत दोघांनी ओढायची असते. एका टोकाला अण्णा. दुसऱ्या टोकाला इतकी वर्षं होती माझी आत्या, बायडाबाई.

आत्या अण्णांची थोरली बहीण. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा गेला आणि ती माहेरी परत आली ती कायमची. अण्णा तिला आक्का म्हणत, ती त्यांना बापू म्हणे. मला तिनेच वाढवलं. लहानपणी ती मला भुश्शाच्या ढिगात बसवायची, हातात गुळाचा खडा द्यायची, आणि करवतीच्या तालावर ओव्या म्हणायची. करवत तिच्याकडे येताना एक ओळ, जाताना दुसरी. ओल्या बाभळीच्या भुश्शाचा वास आला की मला अजून तोंडात गूळ लागतो.

त्या साली ती शिमग्यापासून अंथरुणाला खिळली होती. गावातले नृसिंह वैद्य म्हणाले, "आता औषध नको. ज्यांना भेटायचं आहे त्यांना बोलावून घ्या." पाहुणे येऊन भेटून गेले. आत्या सगळ्यांशी नीट बोलली. तिला मरणाची भीती नव्हती, कारण तिची सगळी तयारी झालेली होती. कोरं लुगडं पेटीत, गंगेच्या पाण्याची कुपी देव्हाऱ्यात, आणि लाकूड पडवीत.

ते लाकूड अंजनाचं. अंजन पाण्यात टाकलं तर बुडतं, इतकं जड. आमच्या वावरातलं ते झाड वादळात पडलं तेव्हा आजोबांनी त्याचे दोन मोठे ओंडके राखून ठेवले होते. एक स्वतःच्या सरणासाठी, दुसरा आत्याच्या. "तुज्यामागं लेकरू न्हाई," ते तिला म्हणाले होते. "उद्या तुज्यापायी कुनाच्या दारात लाकडं मागाया नगं. ह्ये तुजं." आजोबा त्यांच्या ओंडक्यावर गेले. आत्याचा राहिला. तिने तो वाळवी लागू नये म्हणून दगडांवर ठेवला, टोकांना चिरा पडू नयेत म्हणून शेणमातीने लिंपला, दर दिवाळीला करंजाचं तेल चोळलं. दुपारची त्यावर बसून ती तांदूळ निवडायची. स्वतःच्या सरणावर! मी लहानपणी त्यावर घोडा घोडा खेळले आहे.

आमच्याकडे म्हातारी माणसं अशी लाकडं राखतात, त्यात नवल नाही. पण एक रीत सगळे पाळतात. माणूस हयात असेस्तोवर त्याच्या सरणाच्या लाकडाला कुणी हत्यार लावत नाही. लग्नघरात जळण संपलं तरी लावत नाही.

शामकांतांचा निरोप आला की मुठी हव्यात, भरपूर हव्यात, आणि लवकर. ओल्या लाकडाची मूठ सुकताना फाकते. वाळलेलं लाकूड गावात उरलंच नव्हतं, लोकांनी गोठ्यांचे वासे जाळले होते. एकच ओंडका होता, वर्षानुवर्षं सावलीत पिकलेला, एकही चीर नसलेला. आत्यानेच तो तसा जपला होता.

सकाळी अण्णांनी त्याच्या टोकाची शेणमाती खरवडायला घेतली तेव्हा मी पुढे झाले.

"अण्णा, ते आत्याचं आहे."

"मला सांगती व्हय? आज हाय उद्या न्हाई ती. तवा बाभळ आनू कुटनं तरी."

"कुठनं आणाल? गावात काडी नाही."

"मास्तरीन झाली न्हाईस अजून. धर तिकडनं करवत."

मी धरली नाही. त्यांनी माझ्या कानाखाली मारली. मी तरी धरली नाही. मग खडीवरून दुपारची घरी आलेल्या आईच्या हातात त्यांनी ते टोक दिलं. आईच्या बोटांना दगडाच्या कपच्या लागून चिंध्या बांधलेल्या होत्या. ती मुकाट्याने ओढायला लागली.

आत्या आतल्या खोलीत, भिंतीपलीकडे. थोड्या वेळाने तिचा आवाज आला.

"बापू, कंचं लाकूड रं?"

"बाभळ हाय आक्का. नीज तू."

करवत थांबली होती, ती परत सुरू झाली.

"बाभळ आशी बोलत न्हाई," आत्या म्हणाली.

अंजन कापताना करवत तापते. तिच्यावर तेलाचा बोळा फिरवावा लागतो, भुस्सा हाताला चटका देतो. त्यामुळे पहिल्या दिवशी कापलेले तुकडे गरम लागले याचं कुणालाच काही वाटलं नाही. अण्णांनी ते पडवीच्या कोपऱ्यात, हवा खेळावी म्हणून आडवे-उभे रचून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथे झाडत होते. हात टेकला आणि मी तो उचलला. तुकडे गरमच होते. करवतीसारखे नाही. तापल्या दगडासारखेही नाही. नुकतंच कुणीतरी अंथरुणातून उठावं आणि आपण तिथे हात ठेवावा, तसे.

मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "ऊन लागलं आसंल." पडवी उत्तरेची होती. तिथे ऊन येत नसे.

त्याच सकाळी आत्याने पेज मागितली. चार दिवस तिने पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. मी तिला टेकवून बसवलं, तेव्हा तिचा दंड माझ्या हाताला लागला. त्या उन्हाळ्यात माठातलं पाणीसुद्धा कोमट असायचं. आत्याचा दंड गार होता.

अण्णांना मात्र आनंद झाला. "बगितलं का? उटून बसली! आन तू मला पाप शिकवीत हुतीस." दुप्पट जोराने त्यांनी काम चालवलं. ओंडका जसजसा लहान होत गेला तसतशी आत्या बरी होत गेली. बरी हा शब्द त्यांचा. भिंत धरून ती खोलीत फिरायला लागली. साळूबाई शेजारीण बघायला आली आणि दारातच म्हणाली, "अगं बया, आमी तुज्या तेराव्याला काय करायचं ह्येचा इचार करीत हुतो, आन तू तर नाचाया लागली!" आत्या हसली. साळूबाईने तिचा हात हातात घेतला, आणि लगेच सोडून दिला. नंतर बराच वेळ ती आपला तळवा लुगड्याला पुसत होती.

फोडलेल्या तुकड्यांचा गाभा आणि ढलप्या आईने चुलीपाशी नेऊन टाकल्या होत्या. जळणाची इतकी टंचाई होती की ढलपी म्हणजे सोनं. तिने त्या चुलीत घातल्या, खाली पाचोळा पेटवला. पाचोळा जळून गेला. तिने फुंकलं. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर फुंकलं. मग थोडं रॉकेल शिंपडलं. रॉकेल भडकलं आणि विझलं. ढलप्या जशाच्या तशा, काजळीसुद्धा धरली नाही. मी चिमट्याने एक बाहेर काढली आणि हाताने धरून पाहिली. तेवढीच ऊब. जास्त नाही, कमी नाही.

वाळलेलं अंजन कसं जळतं ते मी आजोबांच्या वेळी पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निखारे होते.

"आता थांबवा," मी अण्णांना म्हणाले. "वैद्यांना तरी बोलवा."

"कशाला? ती काय मरतीया?"

वैद्यांना मीच बोलावून आणलं. ते आत्याजवळ बसले, तिची नाडी धरली. धरून बसले. मग दुसरा हात मागितला. तोही बराच वेळ धरून बसले. आत्या त्यांना त्यांच्या सुनेची खुशाली विचारत होती, आणि ते मनगटावरची बोटं सरकवून पुन्हा पुन्हा दाबत होते. शेवटी त्यांनी तिचा हात अगदी हळू खाली ठेवला. आईने चहा टाकला होता, त्यासाठी ते थांबले नाहीत. दारात मी विचारलं, "काका, कशी आहे?"

"मला विचारू नकोस, चांगुणा," ते म्हणाले. "मी तिला तपासलेलं नाही, असं समज."

ओंडक्याचा शेवटचा तुकडा राहिला होता. हातभर लांबीचा असेल. मी तो उचलून आत्याच्या खोलीत नेला आणि दार लावून पाठ टेकून उभी राहिले. एवढा तरी राहू दे, असं मला वाटलं. का वाटलं ते सांगता येणार नाही. तुकडा माझ्या छातीशी होता आणि माझ्या अंगाला घाम सुटला होता.

"दार उगड." अण्णा बाहेरून.

"नाही उघडणार."

त्यांनी लाथ घातली. खिळखिळं दार होतं. ते आत आले, तुकडा हिसकावला, आणि आत्याच्या देखत म्हणाले, "मेल्यावर जळायला लाकूड पायजे, आन जित्या मान्सांनी काय खावं?" मला त्या क्षणी त्यांना मारायचं होतं. माझं त्या माणसाशी जे काही नातं होतं ते तिथे संपलं. नंतर मी फक्त त्यांची मुलगी होते.

भर दुपार होती. पडवीत करवत सुरू झाली. आई ओढत होती आणि रडत होती.

आत्या उठली. भिंत न धरता चालत पडवीत गेली.

करवत शेवटच्या तुकड्यातून आरपार गेली, आणि दोन्ही फाळ्या जमिनीवर पडल्या.

आत्या रचलेल्या तुकड्यांपाशी बसली. एक तुकडा उचलून तिने गालाला लावला. डोळे मिटले.

"ऊन हाय गं चांगुणे," ती म्हणाली. "लई ऊन हाय."

मग तिने अण्णांकडे पाहिलं. रागाने नाही. बाजाराला निघालेल्या माणसाला काही विचारावं तसं तिने विचारलं.

"बापू, आता मी कशावर जाऊ रं?"

अण्णा घाम पुशीत होते. "गवऱ्यांवर जा," ते म्हणाले, आणि हसले.

आत्याने तुकडा होता तिथे परत ठेवला. नीट, आडवा-उभा, हवा खेळावी असा.

"बरं," ती म्हणाली. "मग थांबते."

एवढंच. शाप नाही, तळतळाट नाही. गाडी चुकलेल्या बाईने वळकटीवर बसून राहावं, तशी ती उंबऱ्यावर बसली.

अण्णांनी मुठी घासून, तेल देऊन, पोत्यात भरून एस.टी.च्या टपावरून नगरला पाठवल्या. त्यांतली एक पात्याला बसवून त्यांनी साळूबाईला भेट दिली होती. ती दुसऱ्याच दिवशी सुरी पदरात गुंडाळून आईकडे घेऊन आली. "न्हाई बाई मला. भाजी चिरताना कुनाचा तरी हात धरल्यावानी वाटतं. आन हात धरल्यावर त्यो बी धरतो." आईने ती सुरी मला दिली. ती माझ्याकडे आहे.

पाऊस पडला, दुष्काळ सरला. गावात अण्णांचं कौतुकच झालं. कामावर न जाता घर सावरलं आणि बहिणीलाही मरणाच्या दारातून परत आणलं, असं लोक म्हणायचे. आत्याला हे कुणी विचारलं नाही.

आता त्या माणसांचं पुढे काय झालं ते सांगते.

नृसिंह वैद्य त्याच दिवाळीत गाव सोडून मुलाकडे गेले आणि पुन्हा खर्ड्यात आले नाहीत. साळूबाई म्हातारी होऊन सुखाने गेली. शामकांतांनी पुढे अण्णांकडून मुठी घेणं बंद केलं. कारण लिहून कळवलं नाही, आणि अण्णांनी विचारलंही नाही. त्यांच्या दुकानाच्या जागी आता औषधांचं दुकान आहे. अण्णा दहाएक वर्षांनी अर्धांगाने गेले. शेवटी त्यांना पायाशी शेगडी लागायची, तरी ते गारठ्याने ओरडायचे. त्यांना भरपूर बाभूळ मिळाली. आई माझ्याकडे राहायला आली आणि माझ्या मांडीवर गेली. ती गेली तेव्हा आत्या तिच्या उशाशी बसून होती. "लंके, तुजं बरं हाय," ती म्हणाली.

मी लग्न केलं नाही. कोल्हारला नोकरी केली, राहात्याला केली, आणि जिथे गेले तिथे आत्याला बरोबर नेलं. कुठेही फार वर्षं राहत नाही. शेजारणी वयाचा हिशेब करायला लागल्या की मी बदली मागून घ्यायची. निवृत्त झाल्यापासून घर बदलते. ज्या गावी जाईन तिथल्या भंगारवाल्याकडे, खाटकाकडे, आठवडी बाजारात जुन्या सुऱ्या विकणाऱ्याकडे मी जाते आणि मुठींना हात लावून बघते. दुकानदारांना वाटतं म्हातारी चळली आहे. वर्षाकाठी एखादी सापडते. पाती गंजून गेलेली असतात, मूठ मात्र कोमट असते. घरी आणली की आतून आत्या विचारते, "किती झाल्या?" मी सांगते. "व्हतील," ती म्हणते. तिला घाई नाही. घाई मला आहे. गेल्या वर्षी डॉक्टरांनी माझ्या हृदयात काय बिघाड आहे तो चित्र काढून दाखवला. मी गेले तर तिच्या सरणाची लाकडं कोण गोळा करणार, हा प्रश्न घेऊन मी रोज उठते, आणि रोज त्या माणसाचा राग नव्याने येतो, जो कधीच जळून राख झाला आहे.

परवा पंचायतीतून एक मुलगी आधार कार्डाचं मशीन घेऊन घरी आली. हसरी, बोलकी. आत्याचा अंगठा मशीन घेईना. "आजींचा हात गार आहे ना, म्हणून," ती म्हणाली आणि दोन्ही तळव्यांत धरून तो हात चोळायला लागली. बराच वेळ चोळला. मग ती मशीन आवरायला लागली. जाताना काहीतरी बोलायचं म्हणून तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आत्याकडे पाहिलं, आणि विचारलं,

"या तुमच्या धाकट्या बहीण का?"

मी हो म्हणाले.